सुट्टीनंतरची तपासणी : वाचनालयातल्या एका संगणकाचं प्रकरण

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकांची देवघेव एकाच संगणकावर चालते. जून 2024 मध्ये तिथल्या ग्रंथपाल मॅडमचा फोन आला : "संगणक चालू केला की कधीकधी वीस-पंचवीस मिनिटं नुसतं चिन्ह दिसत राहतं. मग आपोआप सुरू होतो. दुकानवाले म्हणतात हार्डडिस्क गेली. कार्यकारिणीपुढे नवीन डिस्कचा खर्च ठेवायचाय. त्याआधी एकदा बघाल का?"

मी बघायला गेलो. जे सापडलं ते सविस्तर लिहितो आहे, कारण अशी लक्षणं दिसली की डिस्क बदलण्याचा सल्ला फार लवकर दिला जातो. इथे तो सल्ला ऐकला असता तर त्रास थांबलाही असता, आणि खरा दोष तसाच राहून देवघेवीच्या नोंदी बिघडवत राहिला असता.

आधी यंत्राची ओळख. साधा डेस्कटॉप, मदरबोर्ड 2012 च्या सुमाराचा, 500 जीबीची फिरती हार्डडिस्क, त्यावर डेबियन लिनक्स ही कार्यप्रणाली. 2012 मध्ये कोणा हौशी सभासदाने डेबियन 6 टाकून दिलं होतं. पुढच्या आवृत्त्या एकामागून एक त्याच्यावरच चढवत आज डेबियन 12 चालू आहे. मधल्या बारा वर्षांत डिस्क एकदाही फॉरमॅट झालेली नाही. हा तपशील पुढे कामाला येणार आहे. वाचनालय सकाळी नऊला उघडतं, रात्री आठला बंद होतं, सोमवारी सुट्टी असते. रात्री निघताना शिपाईमामा दाराजवळचा मेन स्विच खाली पाडतात. 'शॉर्टसर्किट झालं तर पुस्तकं जळतील' ही भीती वाचनालयात खरीच असते, त्यामुळे या सवयीत गैर काही नाही.

मी शुक्रवारी, 21 जूनला, पोचलो. संगणक सकाळीच काही कुरकुर न करता चालू झाला होता. असल्या प्रकरणात ही नेहमीची अडचण, की दुखणं आपल्यासमोर येत नाही. म्हणून पहिल्यांदा सगळ्या माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. डिस्कवर संशय असो वा नसो, तपास सुरू करण्याआधी हे झालंच पाहिजे. मग एकेक संशयित घेतला.

डिस्कचं स्वतःचं आरोग्यपत्रक असतं, त्याला स्मार्ट म्हणतात. त्यात खराब होऊन बदली झालेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या साठवणीच्या लहान तुकड्यांची) संख्या शून्य, बदलीच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची संख्या शून्य, केबलवरच्या चुकांची नोंदही शून्य. डिस्क म्हातारी आहे, पण आजारी नाही. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींतही वाचन-लेखनाची एकही चूक नव्हती.

दुसरा संशय वीज जाण्याचा. अचानक वीज गेली तर फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था, नीट बंद होत नाही आणि पुढच्या वेळी तपासणी होते, असं बरेच जण समजतात. ते अर्धंच खरं आहे. एक्सटी3 आणि एक्सटी4 या दोन्ही फाइल सिस्टमना जर्नल असतं. अर्धवट राहिलेली कामं त्यात लिहिलेली असतात. वीज गेल्यावर पुढच्या बूटला, म्हणजे यंत्र पुन्हा चालू होताना, ते जर्नल पुन्हा चालवलं जातं, दोन-चार सेकंदांत काम आटोपतं आणि यंत्र पुढे जातं. वीस-पंचवीस मिनिटं लागतात ती पूर्ण तपासणीला. तिचे पाच टप्पे असतात : इनोड (प्रत्येक फाइलचं नोंदपत्र) आणि ब्लॉक (माहितीचे तुकडे), मग डिरेक्टरींची रचना, मग त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, मग संदर्भांची मोजणी, आणि शेवटी गटांचे गोषवारे. शिवाय यंत्राला यूपीएस होता आणि मामा संध्याकाळी संगणक रीतसर बंद करत होते. तेव्हा कोणीतरी ठरवून पूर्ण तपासणी मागत होतं. ती कोण मागतं आणि का, एवढाच प्रश्न उरला.

एक्सटी घराण्यातल्या फाइल सिस्टमची तपासणी ई2एफएससीके नावाचा प्रोग्राम करतो. प्रत्येक बूटला तो चालतोच. बहुतेक वेळा सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टमची स्वतःची माहिती जिथे लिहिलेली असते तो भाग, वाचून 'स्वच्छ आहे' एवढं म्हणून क्षणात बाजूला होतो. पूर्ण तपासणी करायची तर त्याच्याकडे ठरावीक कारणंच असतात, आणि त्यांतलं कोणतं लागू झालं ते तो एका वाक्यात सांगतो. फाइल सिस्टमवर चुकांची खूण आहे. ती नीट बंद झाली नव्हती. मुख्य आणि राखीव सुपरब्लॉक जुळत नाहीत. अमुक वेळा माउंट झाली, म्हणजे वापरासाठी जोडली गेली, तरी तपासलेली नाही. अमुक दिवस तपासलेली नाही. आणि एक चमत्कारिक कारण : शेवटच्या तपासणीची तारीख भविष्यातली आहे.

ते एक वाक्य वाचायला मिळालं असतं तर माझं काम तिथेच संपलं असतं. पण पडद्यावर डेबियनचं चिन्ह झाकण घालून बसलेलं होतं, आणि तपासणीची नोंद ज्या फाइलमध्ये जाते ती रन या डिरेक्टरीत, म्हणजे मेमरीत असते. यंत्र बंद झालं की ती जाते. शुक्रवारच्या नोंदीत अर्थातच 'स्वच्छ' एवढंच होतं.

म्हणून सुपरब्लॉक उघडला. ट्यून2एफएस या प्रोग्रामला यादी मागितली की तो सगळी कुंडली दाखवतो. फाइल सिस्टम तयार झाली ऑगस्ट 2012. स्थिती स्वच्छ. माउंट झाल्याची संख्या 3, कमाल मर्यादा 34. शेवटची तपासणी बुधवार, 19 जून 2024. तपासणीचा कालावधी 15552000 सेकंद, म्हणजे 180 दिवस. पुढची तपासणी 16 डिसेंबर 2024 नंतर.

आजकालच्या लिनक्सवर हे 34 आणि 180 दिवस दिसत नाहीत. फाइल सिस्टम तयार करणारा एमकेई2एफएस हा प्रोग्राम पूर्वी प्रत्येक नव्या फाइल सिस्टमला या दोन्ही मर्यादा घालून देत असे. माउंटची मर्यादा 20 ते 39 यांमधली असायची आणि ती डिस्कच्या त्या विभागाच्या यूयूआयडीवरून, म्हणजे ओळखक्रमांकावरून, काढली जायची, म्हणजे एकाच यंत्रातल्या सगळ्या विभागांची पाळी एका दिवशी येऊ नये. ई2एफएसप्रॉग्ज या, हे सगळे प्रोग्राम असलेल्या, संचाच्या 1.42 या आवृत्तीपासून, 2011 च्या अखेरीस, ही नियतकालिक तपासणी आपोआप लागू होणं बंद झालं. डेबियन 6 मध्ये त्याआधीची 1.41 आवृत्ती होती. त्यामुळे या डिस्कवर जुना नियम कोरला गेला, आणि वरचं सगळं बदललं तरी तो तिथेच राहिला. फाइल सिस्टमही मुळात एक्सटी3 च आहे. 2015 मध्ये कर्नल 4.3 मधून एक्सटी3 चा वेगळा ड्रायव्हर काढून टाकला, तेव्हापासून एक्सटी4 चा ड्रायव्हरच तिला सांभाळतो, आणि वापरणाऱ्याला ते कळतही नाही. तपासणीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात ती या जुन्या मांडणीमुळे. एक्सटी4 मध्ये इनोड-तक्त्यांचे न वापरलेले भाग ओलांडून जाता येतात, एक्सटी3 मध्ये सगळं वाचावं लागतं.

पण जुना नियम सापडला म्हणजे उत्तर सापडलं असं नव्हतं. 34 पैकी 3 माउंट झालेले, 180 पैकी दोन दिवस गेलेले. या नियमाने तपासणी वर्षातून काही वेळा व्हावी, आठवड्याला नव्हे.

आठवड्याला होते हे मला कळलं मामांमुळे. मी मॅडमना विचारलं, "कधी कधी होतं हे?" त्या म्हणाल्या, "नेम नाही हो." मामा कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "सर, मी लिहून ठेवलंय," आणि हजेरीच्या मस्टरचं शेवटचं पान उघडून दिलं. त्यावर 30 एप्रिलपासूनच्या तारखा होत्या. सकाळी लोक ताटकळतात आणि बोलणी मामांना खावी लागतात, म्हणून त्यांनी पुरावा ठेवला होता.

त्या पानाने सगळं प्रकरण फिरवलं. जूनमधल्या तारखा 4 आणि 5, 11 आणि 12, 18 आणि 19. प्रत्येक वेळी मंगळवार आणि बुधवार, लागोपाठ दोन दिवस, मग पुढच्या मंगळवारपर्यंत शांतता. मे महिन्यातही बहुतेक असंच. फक्त दोन आठवडे वेगळे होते. एका आठवड्यात 21, 22, 24 आणि 25 मे अशा चार तारखा होत्या. दुसऱ्यात 30 एप्रिल आणि 3 मे, म्हणजे मंगळवार आणि शुक्रवार, मध्ये काही नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेलो. 23 मे गुरुवार, बुद्धपौर्णिमा, वाचनालय बंद. 1 मे बुधवार, महाराष्ट्र दिन, वाचनालय बंद. मंगळवारचा इथे काही संबंधच नव्हता. सुट्टीनंतर जो पहिला दिवस येतो, त्या दिवशी तपासणी होते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. बुद्धपौर्णिमेचा आठवडा या सूत्रात चपखल बसला. महाराष्ट्र दिनाचा मात्र बसेना : 2 मेला व्हायला हवी होती, झाली नाही. मी मामांना दोनदा विचारलं, लिहायचं राहिलं का? "नाही सर, त्या दिवशी लगेच चालू झाला होता. मला नवल वाटलं म्हणून लक्षात आहे." हा एक तुकडा मी बाजूला ठेवला.

रोजच्या रात्रीत आणि सुट्टीत फरक काय? रात्री आठ ते सकाळी नऊ, तेरा तास वीज बंद. मध्ये सुट्टी आली की सदतीस तास. मेन स्विच चालू असेल तर बंद संगणकालाही थोडी वीज मिळत राहते आणि मदरबोर्डवरचं घड्याळ तिच्यावर चालतं. मेन स्विचच पाडला तर ते घड्याळ एका गोल सेलवर जगतं. सीआर2032 त्याचं नाव : 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी, 3 व्होल्ट. ज्या कार्यालयांत रात्री मेन स्विच पाडतात तिथे हा सेल जास्त लवकर थकतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी लक्षात घेत नाही. थकलेला सेल तेरा तास कसाबसा काढतो, सदतीस तासांत मात्र मान टाकतो.

आता मॅडमनी बोलता बोलता सांगितलेली आणखी एक तक्रार आठवली. "मंगळवारी सकाळी दिलेल्या पुस्तकांवर रविवारची तारीख पडते. लोक परत करायला येतात तेव्हा दोन दिवसांचा दंड जास्त दाखवतो. सॉफ्टवेअरवाल्यांना दोनदा कळवलं." त्यांच्या लेखी ही वेगळ्या खात्यातली तक्रार होती. मीही पहिल्यांदा ऐकून सोडून दिली होती.

घड्याळ मागे जात असेल तर कर्नलला ते दिसलं असणार. जर्नलडी ही सेवा जुन्या बूटच्या नोंदी सांभाळून ठेवते आणि जर्नलसीटीएल हा प्रोग्राम त्या दाखवतो, त्यामुळे 18 जूनच्या सकाळची नोंद काढता आली. सुरुवातीच्या ओळींमध्येच, आरटीसीवरून, म्हणजे मदरबोर्डच्या घड्याळावरून, सिस्टमची वेळ लावली, अशी कर्नलची ओळ होती आणि तिच्यापुढे वेळ होती 1 जानेवारी 2012, मध्यरात्र उलटून काही सेकंद. 19 जूनच्या नोंदीत तीच ओळ, वेळ अगदी बरोबर. 11 जूनला 2012. 12 जूनला बरोबर.

मग इतके दिवस पडद्यावर कोणाला 2012 साल का दिसलं नाही? कारण डेबियनमध्ये सिस्टमडी-टाइमसिंकडी नावाची सेवा असते. ती चालू असताना वेळेची खूण डिस्कवर ठेवत जाते, आणि बूटच्या वेळी घड्याळ त्या खुणेच्याही मागे दिसलं तर निदान खुणेपर्यंत पुढे ढकलते. म्हणजे मंगळवारी सकाळी घड्याळ 2012 वरून उडी मारून रविवारी रात्री आठवर येत होतं. पुढे खरी वेळ इंटरनेटवरून मिळायची. इथे इंटरनेट मॅडमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि मॅडम येतात साडेदहाला. नऊ ते साडेदहा या वेळात जी देवघेव झाली ती सगळी रविवारच्या खात्यात. ही सेवा चांगल्या हेतूने केलेली आहे आणि तिने नोंदी बारा वर्षं मागे जाण्यापासून वाचवल्या, पण तिच्यामुळेच मूळ बिघाड कोणाच्या नजरेला पडला नाही. मुख्य (रूट) फाइल सिस्टमची तपासणी होते ती मात्र या सेवेच्या कितीतरी आधी, इनिट्रॅमएफएसमध्ये, म्हणजे यंत्र उठताना आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या व्यवस्थेत. तिथे ई2एफएससीकेला उघडंनागडं 2012 दिसत होतं.

या बोर्डाने मदतही केली नाही. जुने बोर्ड सेल संपला की सगळी मांडणी (सेटिंग्ज) विसरायचे आणि एफ1 दाबा म्हणून अडून बसायचे, त्यामुळे सेल संपल्याचं लगेच कळायचं. हा बोर्ड मांडणी फ्लॅश मेमरीत ठेवतो. फक्त तारीख हरवते, आणि तो मुकाट्याने 1 जानेवारी 2012 लावून पुढे जातो. यात एक योगायोगही आहे. ई2एफएससीकेला 1 जानेवारी 2010 च्या आधीची वेळ दिसली तर तो घड्याळच वेडं धरतो आणि तारखांवरून निष्कर्ष काढत नाही. बोर्ड 2009 चा असता तर कदाचित हा फोनच आला नसता. 2012 हे साल त्याला शक्य वाटतं, म्हणून तो त्यावर विश्वास ठेवतो.

सेल त्याच शुक्रवारी बदलता आला असता. मी बदलला नाही. बदलून त्रास थांबला असता तरी 'योगायोग असेल, डिस्क बदलाच' हे म्हणायला वाव राहिला असता, आणि वाचनालयाचे पैसे सभासदांच्या वर्गणीचे असतात. ई2एफएससीकेच्या तोंडून कारण ऐकायचं होतं. लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या मांडणीतून चिन्ह दाखवणारे आणि संदेश लपवणारे दोन शब्द काढून टाकले, आणि मंगळवारी नऊला येतो म्हणून सांगितलं.

मंगळवार, 25 जून. मामांनी मेन स्विच वर केला, यंत्र चालू केलं. चिन्ह नव्हतं, त्यामुळे सगळ्या ओळी समोर धावल्या आणि एका ओळीवर थांबल्या : या फाइल सिस्टमच्या शेवटच्या तपासणीची वेळ भविष्यातली आहे, सक्तीने तपासणी करत आहे. त्याच्या आधी शेवटच्या माउंटची आणि शेवटच्या लेखनाची वेळही भविष्यातली असल्याची कुरकुर होती, ती त्याने स्वतःच दुरुस्त केली होती. चोवीस मिनिटांनी तपासणी संपली. सापडलेल्या चुका : शून्य.

डिस्कने काहीच चूक केली नव्हती. ई2एफएससीकेच्या घड्याळात 2012 साल होतं आणि सुपरब्लॉक म्हणत होता, मला 2024 मध्ये तपासलंय. तपासनीसाने कोणावर विश्वास ठेवावा? त्याने सावधपणाची बाजू घेतली आणि सगळं पुन्हा तपासलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

लगेच सुपरब्लॉक पुन्हा वाचला. शेवटची तपासणी : रविवार, 1 जानेवारी 2012, पहाटे साडेपाच. मामा म्हणाले, "पहाटे साडेपाचला इथे कोण होतं?" तो साडेपाच म्हणजे यूटीसीची, जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र. लिनक्समध्ये मदरबोर्डचं घड्याळ बहुधा यूटीसीवर ठेवतात, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीची वेळ बोर्डाने लावली, ती आपल्या पद्धतीत पहाटे साडेपाच दिसली.

आणि इथेच बुधवारचं कोडं सुटलं. सकाळच्या तपासणीने शेवटच्या तपासणीची तारीख 2012 लिहून ठेवली. साडेदहाला इंटरनेट आलं की सिस्टमची वेळ बरोबर होते, आणि कर्नल दर अकरा मिनिटांनी ती मदरबोर्डच्या घड्याळातही लिहितो. बुधवारी सकाळी घड्याळ बरोबर असतं. तेव्हा ई2एफएससीके पाहतो : आज 2024, शेवटची तपासणी 2012, मर्यादा 180 दिवस. पुन्हा पूर्ण तपासणी. या वेळी तारीख बरोबर लिहिली जाते आणि पुढच्या सुट्टीपर्यंत सगळं शांत.

हे खरं असेल तर बुधवारची वाट पाहायची गरज नव्हती. घड्याळ बरोबर झाल्यावर कधीही रीस्टार्ट केला तरी तपासणी व्हायला हवी, आणि किती दिवस तपासलं नाही तो आकडाही आधीच सांगता यायला हवा. 1 जानेवारी 2012 ते 1 जानेवारी 2024, बारा वर्षं, त्यांत 2012, 2016 आणि 2020 ही तीन लीप वर्षं : 4383 दिवस. पुढे 25 जूनपर्यंत 176. मी एका मागणीचिठ्ठीच्या मागे 4559 लिहून मॅडमच्या टेबलावर पालथी ठेवली. त्यांना विचारलं, आणखी अर्धा तास देवघेव वहीवर लिहिता येईल का? सव्वाअकराला गर्दी ओसरल्यावर त्यांनी होकार दिला.

रीस्टार्ट. ओळी धावल्या, थांबल्या : 4559 दिवस तपासणी झालेली नाही, सक्तीने तपासणी करत आहे. मॅडमनी चिठ्ठी उलटून पाहिली आणि ती मामांकडे दिली.

त्या चोवीस मिनिटांत 2 मेचं कोडंही सुटलं. 30 एप्रिलला, मंगळवारी, सुपरब्लॉकमध्ये 1 जानेवारी 2012 लिहिलं गेलं. एरवी बुधवारी ते दुरुस्त झालं असतं, पण बुधवारी महाराष्ट्र दिन. गुरुवारी, 2 मेला, घड्याळ पुन्हा सदतीस तास सेलवर काढून 1 जानेवारी 2012 वरच आलेलं. दोन्हीकडे तीच तारीख, फरक असलाच तर काही सेकंदांचा, आणि एका दिवसाच्या आतला फरक ई2एफएससीके माफ करतो. ही सवलत मुळात विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर ठेवणाऱ्यांसाठी आहे, कारण विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं. त्यामुळे 2 मेला त्याला सगळं सुरळीत वाटलं. शुक्रवारी घड्याळ बरोबर आलं आणि बारा वर्षांचं अंतर उघडं पडलं. मामांच्या मस्टरवरचं एकही पान, एकही तारीख आता बिनउत्तराची राहिली नव्हती. मामांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी मस्टर मिटून नीट कपाटात ठेवलं.

यंत्र बंद करून पेटी उघडली. सेल काढून मल्टिमीटर लावला : 2.4 व्होल्ट. शेजारच्या घड्याळाच्या दुकानातून चाळीस रुपयांत नवा सेल आला, तो 3.2 दाखवत होता. बायोसमध्ये जाऊन वेळ लावली. मामा म्हणाले, "सर, साडेपाच तास मागे लावताय." बरोबर होतं त्यांचं निरीक्षण, तिथे यूटीसीच लावायची होती. यंत्र चालू केलं, वीस सेकंदांत लॉगिनचा पडदा आला.

याच जागी आणखी चार उपाय करता आले असते आणि चारही उपायांनी तपासणी थांबली असती. कोणते विभाग जोडायचे ते जिथे लिहिलेलं असतं त्या एफएसटॅब फाइलमधला तपासणीचा शेवटचा आकडा शून्य करणं. कर्नलला तपासणी वगळायला सांगणं. ट्यून2एफएसने दोन्ही मर्यादा काढून टाकणं. ई2एफएससीकेच्या मांडणीत 'या यंत्राचं घड्याळ बिघडलेलं आहे' असं लिहून ठेवणं, तशी सोय त्यात आहे. आणि पाचवा, दुकानवाल्यांचा : नवी डिस्क. नव्या डिस्कवर नव्या एमकेई2एफएसने फाइल सिस्टम तयार झाली असती, तिला 180 दिवसांचा नियम नसता, मग तारखांची ही तुलनाच झाली नसती. तपासणी थांबली असती, डिस्क खराब होती यावर सगळ्यांचा विश्वास बसला असता, आणि मंगळवारी सकाळी पुस्तक नेणाऱ्या प्रत्येक वाचकाला दोन दिवसांचा दंड पडत राहिला असता. सॉफ्टवेअरवाल्यांना तिसऱ्यांदा कळवलं गेलं असतं. मला हे फार अस्वस्थ करतं. दंड पाच रुपयांचा असेल, पण न केलेल्या उशिराबद्दल ज्याला तो भरावा लागतो तो माणूस वाचनालयावर रागावतो, आणि ग्रंथपालांकडे उत्तर नसतं.

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी मामांच्या मस्टरवरून मंगळवारच्या, आणि मेमधल्या सुट्ट्यांनंतरच्या दिवसांच्या, साडेदहापूर्वीच्या नोंदी शोधून काढल्या, तारखा दुरुस्त केल्या आणि घेतलेला जास्तीचा दंड परत केला.

180 दिवसांचा नियम मी काढला नाही. माउंटची मर्यादा तेवढी काढली, नाहीतर रोज एकदा चालू होणाऱ्या यंत्रावर 34 माउंट दीड महिन्यात भरतात. डिस्क बारा वर्षांची आहे, सहा महिन्यांनी एकदा तिची पूर्ण तपासणी झालेली मला बरी वाटते. मात्र ती कधी होणार हे आधी माहीत हवं. शेवटची तपासणी 25 जूनला सकाळी सव्वाअकराला सुरू झाली होती. तिथून 180 दिवस 22 डिसेंबरला, रविवारी, सव्वाअकराला भरतात. रविवारी यंत्र नऊला चालू होणार, तेव्हा मुदत दोन तासांनी कमी पडणार. सोमवारी सुट्टी. म्हणजे पाळी येणार 24 डिसेंबरला, पुन्हा मंगळवारीच. मामांनी मस्टरच्या शेवटच्या पानावर ती तारीख लिहून खाली रेघ मारली.

2 जुलैचा मंगळवार शांत गेला, त्यानंतरचेही. 24 डिसेंबरला मामांनी अर्धा तास आधी येऊन साडेआठलाच यंत्र चालू केलं आणि पडद्याचा फोटो पाठवला. त्यात एकच ओळ वाचता येत होती : 181 दिवस तपासणी झालेली नाही, सक्तीने तपासणी करत आहे. नऊला दार उघडलं तेव्हा संगणक तयार होता.